घरच्या घरी मेझे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हम्मस (चणे-तिळाचं मऊ वाटण), मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं), लबने (खारट चक्का), तबूले (हिरव्या पाल्याचं सॅलड), फलाफल (चण्याचे तळलेले वडे) हे मेझेतले पदार्थ आता आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेन्यूवर सर्रास दिसतात. घरी करून पाहणाऱ्यांची संख्याही वाढते आहे आणि त्यांचे प्रश्न बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं ठाम मत असं आहे की या पदार्थांना महागडं सामान फार थोडं लागतं. खरी गरज असते ती वेळ देऊन भिजवण्याची, पुरेसं शिजवण्याची आणि लिंबू-मिठाचा तोल चाखत चाखत साधण्याची.

मेझे म्हणजे जेवणाआधीचं खाणं की पूर्ण जेवण?

दोन्ही. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन या भागात पाहुणे आले की टेबलावर लहान लहान बशा मांडतात आणि सगळे त्यांतून मिळून खातात. आधी थंड पदार्थ येतात: हम्मस, वांग्याचे प्रकार, लबने, तबूले, ऑलिव्ह, लोणच्यातले सलगम. मग गरम पदार्थ येतात: फलाफल, तळलेलं चीज, मांसाचे लहान प्रकार. त्यानंतर मुख्य जेवण असू शकतं, पण कित्येकदा मेझेवरच संध्याकाळ संपते. लेबनॉनच्या बेका खोऱ्यातलं झाहले हे शहर बर्दौनी नदीकाठच्या मेझेच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे सोबत बडीशेपेच्या वासाची अरक ही दारू पितात. पाणी घातलं की ती दुधासारखी पांढरी होते.

तुर्कस्तान आणि ग्रीसमध्येही मेझे आहे, पण तिथले पदार्थ बरेच वेगळे. या पानावर फक्त लेबनॉन-सीरियाकडचं मेझे घेतलं आहे.

पहिल्यांदाच करायचं आहे. कुठून सुरुवात करू?

हम्मस, लबने आणि एखादं सॅलड. लबनेला जवळजवळ काहीच मेहनत नाही, सॅलड ऐन वेळी चिरायचं, म्हणजे सगळं लक्ष हम्मसकडे देता येतं. पहिल्याच दिवशी फलाफलचा घाट घालू नका.

घरचा हम्मस दाणेदार आणि पिवळट होतो. हॉटेलसारखा मऊ, फिकट का होत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं कारण म्हणजे चणे कमी शिजलेले असतात. छोल्यांच्या भाजीसाठी चणा अख्खा राहायला हवा, हम्मससाठी तो मोडायलाच हवा. २५० ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा. मोठे, डॉलर चणे म्हणून मिळतात ते टाळा, लहान दाण्याचे घ्या. सकाळी ते पाणी टाकून चणे धुवा आणि नवीन पाण्यात पुन्हा अर्धा चमचा सोडा घालून शिजवा. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होतं, चण्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन सुटतं आणि सालही विरघळायला लागते. एकेक चण्याची साल काढत बसण्याची गरज उरत नाही. फेस खूप येतो, तो काढून टाका आणि कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. पहिली शिटी झाल्यावर मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. मग एक चणा दोन बोटांत दाबा. लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये कण लागला तर पुन्हा कुकर लावा.

दुसरं कारण, ताहिनी (वाटलेल्या तिळाची पेस्ट) कमी पडते. बऱ्याच पाककृतींत दोन चमचे ताहिनी लिहिलेली असते, तेवढ्याने काही होत नाही. २५० ग्रॅम सुक्या चण्यांना मी दीडशे ते दोनशे ग्रॅम ताहिनी घेते. फिकट रंग आणि मऊपणा तिच्यामुळेच येतो.

तिसरं कारण पाणी. चणे आधी एकटे वाटून घ्या. मग ताहिनी, तीन-चार मोठे चमचे लिंबाचा रस, लसूण आणि मीठ घाला. त्यानंतर मिक्सर चालू ठेवून बर्फाचं पाणी चमच्या-चमच्याने घाला आणि एकूण चार-पाच मिनिटं फिरवा. मिश्रण हलकं होतं आणि रंग डोळ्यांदेखत उजळतो. आपल्या मिक्सरची मोटर तापते, तेव्हा मध्ये थांबत थांबत करा. सुरुवातीला पातळ वाटलं तरी घाबरू नका, अर्ध्या तासात घट्ट होतं.

ऑलिव्ह तेल वाटताना घालायचं नाही. ते वरून, खाताना.

हम्मसमध्ये कच्च्या लसणाचा उग्र वास फार येतो.

दोन-तीन पाकळ्या ठेचून लिंबाच्या रसात दहा मिनिटं ठेवा, मग तो रस वापरा. लसूण चिरला किंवा ठेचला की त्यातल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) उग्रपणा तयार होतो आणि आंबटपणात ते विकर मंदावतं. इतक्या लहानशा गोष्टीने पदार्थ किती सौम्य होतो हे एकदा जरूर अनुभवून पाहा.

ताहिनी घरी करता येते का?

येते, आणि करावी. पॉलिशचे पांढरे तीळ घ्या. गावरान, सालीसकट तिळांची ताहिनी कडवट आणि करडी होते. २५० ग्रॅम तीळ मंद आचेवर सतत हलवत भाजा. चटणीसाठी भाजतो तेवढे लालसर होऊ द्यायचे नाहीत, नुसते गरम होऊन तडतडायला लागले की उतरवा. कोमट असतानाच मिक्सरच्या लहान भांड्यात वाटा. आधी कोरडा कूट होईल, मग गोळा होईल, मग तेल सुटायला लागेल. त्या टप्प्यावर दोन-तीन चमचे बिनवासाचं तेल घालून धार पडेल इतकं पातळ होईपर्यंत फिरवा. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर चांगली राहते. वर तेल तरंगलं तर ढवळून घ्या.

ताहिनीत लिंबू पिळलं आणि एकदम गोळा झाला. फुकट गेली का?

अजिबात नाही. ताहिनीत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. थोडासा पातळ पदार्थ पडला की तिळाचे कण तो शोषून एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी घालत फेटत राहा. ठरावीक टप्प्यानंतर ती सैल होते आणि पांढरी, दाटसर बनते. फलाफलवर ओतायचा सॉस असाच करतात: ताहिनी, लिंबू, पाणी, मीठ, हवा तर थोडा लसूण.

ताहिनीऐवजी शेंगदाण्याचा कूट किंवा दही चालेल?

चविष्ट काहीतरी होईल, हम्मस होणार नाही. दाण्याची चव चण्यावर मात करते. तीळ आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात, मग बदल करायचा कशाला?

हम्मस नेमका कोणाचा?

यावर खरोखरची भांडणं झाली आहेत. लेबनॉनमधल्या उद्योजकांनी २००८ साली हम्मसवर आपल्या देशाचा हक्क असल्याची मोहीम सुरू केली. पुढे ती महाकाय हम्मस करण्याच्या चढाओढीवर गेली. जानेवारी २०१० मध्ये इस्राएलमधल्या अबू घोश या अरब गावात सुमारे चार टन हम्मस केला गेला. मे महिन्यात लेबनॉनमध्ये १०,४५२ किलोचा झाला. हा आकडा मुद्दाम निवडलेला होता, कारण लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे. आजच्या सीमा आखल्या जाण्याच्या कित्येक शतकं आधीपासून या सगळ्या भागात चणे आणि तीळ खाल्ले जात आहेत. पॅलेस्टाईन, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, इजिप्त इथल्या घराघरांत हा पदार्थ रोजचा आहे, आणि एका देशाचा शिक्का मारून या घरांना बाजूला सारणं मला पटत नाही.

मुतब्बल आणि बाबा गनूश एकच का? आणि हे आपलं भरीतच नाही का?

नावांचा घोळ आहे. लेबनॉन-सीरियात भाजलेल्या वांग्यात ताहिनी, लिंबू, लसूण घातलं की मुतब्बल म्हणतात. बाबा गनूशमध्ये बहुधा ताहिनी नसते, त्याऐवजी बारीक चिरलेला टोमॅटो, कांदा, पार्स्ली आणि डाळिंबाचा पाक पडतो. इतर ठिकाणी मात्र ताहिनीवाल्यालाच बाबा गनूश म्हणतात. दोन्ही करून पाहा, नावावरून वाद घालू नका.

वांगं भाजण्यापर्यंत भरिताशी नातं अगदी सख्खं आहे. खानदेशी भरितासाठी लागतात तशी मोठी, कमी बियांची वांगी इथेही उत्तम. थेट गॅसवर किंवा निखाऱ्यावर साल पूर्ण काळी होऊन वांगं बसेपर्यंत भाजा. ओव्हनमध्ये धुराची चव येत नाही. पुढची पायरी बरेच जण गाळतात: सोललेला गर चाळणीत ठेवून निदान अर्धा तास निथळू द्या. पाणी राहिलं तर मुतब्बल पचपचीत होतं आणि वांग्याचा कडवटपणाही त्या पाण्याबरोबर आत राहतो. गर मिक्सरमध्ये घालू नका. सुरीने चिरा किंवा काट्याने मोडा.

फोडणी नको. मोह होतो, पण आवरा.

लबने म्हणजे चक्काच ना?

हो, पद्धत तीच. फरक इतकाच की मीठ आधी घालतात. एक लिटर घट्ट, ताज्या, आंबट न झालेल्या दह्यात पाऊण चमचा मीठ ढवळून मलमलच्या फडक्यात किंवा स्वच्छ पंचात बांधून टांगा. बारा तासांत पसरता येईल असं लबने मिळतं. म्हशीच्या दुधाचं दही असेल तर आणखी लवकर. आपल्या उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर आंबटढाण होतं, त्यामुळे चाळणीत ठेवून फ्रिजमध्येच निथळवा. खाली साठलेलं पाणी कणीक भिजवायला वापरा.

बशीत पसरून चमच्याने मध्ये खळगा करा, त्यात ऑलिव्ह तेल आणि वरून झातर (तीळ घातलेला एक कोरडा मसाला). दोन दिवस निथळवलं तर गोळे वळता येतात. तिकडे ते ऑलिव्ह तेलात बुडवून बरेच दिवस ठेवतात. घरी असं करायचं तर फ्रिजमध्येच ठेवा आणि तेलात कच्चा लसूण किंवा ताजी पानं घालू नका. हवाबंद तेलातल्या ओल्या लसणात बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात आणि त्यांचं विष जिवावर बेततं.

तबूलेसाठी बल्गरऐवजी लापशी रवा चालेल का?

तसाच भिजवून चालणार नाही. बल्गर करताना गहू आधी शिजवतात, मग वाळवतात आणि भरडतात. म्हणून बारीक बल्गर नुसता भिजवला तरी खाण्याजोगा होतो. लापशी रवा म्हणजे कच्च्या गव्हाचा भरडा. तो भिजवला तरी कच्चाच राहतो आणि पोटाला त्रास देतो. वापरायचाच असेल तर बारीक लापशी रवा मोकळा शिजवा, ताटात पसरून पूर्ण गार करा आणि अगदी थोडा घ्या.

थोडा म्हणजे किती, हेही सांगते, कारण आपल्याकडे मिळणारं तबूले बहुतेक वेळा गव्हाचं सॅलड असतं. लेबनॉनमधलं तबूले हे पार्स्लीचं सॅलड आहे. पार्स्लीच्या दोन मोठ्या जुड्यांना तीन मोठे चमचे बारीक बल्गर पुरे. तो लिंबाच्या आणि टोमॅटोच्या रसातच भिजवायचा, वेगळं पाणी नको. बाकी पुदिना, कांदा, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, मीठ. पार्स्ली धुऊन पूर्ण कोरडी करा आणि धारदार सुरीने एकदाच चिरा. बोथट सुरीखाली पानं चेंगरतात, काळी पडतात.

पार्स्ली मिळत नाही. कोथिंबीर घालू?

तबूलेत नको. एवढ्या प्रमाणात कोथिंबीर घातली की दुसरं काहीच लागत नाही. पार्स्ली मिळेपर्यंत फत्तूश करा: काकडी, टोमॅटो, मुळा, सॅलडची पानं, पुदिना, तळलेले किंवा भाजलेले शिळ्या पिटाचे (तिकडच्या चपट्या पावाचे) तुकडे आणि भरपूर सुमाक (एक आंबट लाल पूड). फलाफलमध्ये मात्र कोथिंबीर हक्काने घाला.

फलाफल तेलात सोडले की फुटतात.

दहापैकी नऊ वेळा कारण एकच: चणे उकडलेले किंवा डब्यातले वापरलेले असतात. फलाफलला चणे भिजवलेले पण कच्चेच लागतात. कच्च्या चण्यातला स्टार्च तळताना शिजतो आणि मिश्रण धरून ठेवतो. उकडलेल्यात तो आधीच शिजून गेलेला असतो, मग बांधायला काही उरत नाही. २५० ग्रॅम चणे बारा ते सोळा तास भिजवा, निथळून फडक्यावर कोरडे करा. कांदा, लसूण, कोथिंबीर, पार्स्ली, धणे, जिरे, मीठ घालून डाळवड्याच्या डाळीइतपत भरड वाटा. पाणी अजिबात नको. तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तळायच्या आधी अर्धा चमचा सोडा मिसळा आणि १७५ ते १८० अंश तापलेल्या तेलात तळा. तेल थंड असेल तर फलाफल तेल पितात आणि मोडतात, फार कडकडीत असेल तर बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात.

तरीही मिश्रण सैल वाटलं तर एक-दोन चमचे बेसन घाला. त्याहून जास्त नको, नाहीतर भजी होतील.

इजिप्तमध्ये फलाफलला तामिया म्हणतात आणि ते चण्याऐवजी सोललेल्या, वाळवलेल्या फावा बीन्सचे (बाकल्याचे) करतात. आतून गर्द हिरवे आणि जास्त हलके. फावा मिळाले तर नक्की करून पाहा.

मुहम्मरा फारसा ऐकला नाही. काय आहे?

सीरियातल्या अलेप्पोचा पदार्थ, आणि मेझेतला माझा सगळ्यात आवडता. तीन लाल ढोबळ्या मिरच्या गॅसवर भाजून सोला आणि निथळवा. शंभर ग्रॅम भाजलेले अक्रोड, मूठभर कोरडा पावाचा चुरा, एक चमचा जिरेपूड, दीड मोठा चमचा डाळिंबाचा पाक, मीठ आणि मिरची घालून भरड वाटा, मग ऑलिव्ह तेल मिसळा. अलेप्पोची स्वतःची मिरची सौम्य, फळासारख्या चवीची आणि जरा तेलकट असते. तिच्या जागी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरची जाडसर कुटून घाला. लवंगी अजिबात नको. इथे मिरचीचा रंग आणि वास हवा, तिखटपणा मागे राहिला पाहिजे.

डाळिंबाचा पाक विकत महाग पडतो आणि महाराष्ट्रात तो घेण्याचं कारणच नाही. एक लिटर रसासाठी अडीच-तीन किलो डाळिंबं लागतात. दाणे मिक्सरमध्ये फिरवू नका, बी फुटून रस तुरट होतो. चाळणीवर दाबून रस काढा. स्टीलच्या पसरट भांड्यात मंद आचेवर तासाभरापेक्षा जास्त वेळ आटवत एक वाटीभर उरवा. सोलापूरकडचं भगवा डाळिंब गोड असतं, तिकडच्या पाककृतींत मात्र आंबट डाळिंबं धरलेली असतात. त्यामुळे साखर घालू नका आणि दोन-तीन लिंबं पिळा. गार झाल्यावर पाक आणखी दाटतो, म्हणून चमच्याला धरायला लागला की लगेच उतरवा. सीझनमध्ये, दाणे स्वस्त असताना करून ठेवा. फ्रिजमध्ये कित्येक महिने राहतो.

सुमाक आणि झातरला पर्याय?

सुमाक ही एका झुडपाच्या वाळवलेल्या लाल फळांची आंबट पूड. लिंबाची किसलेली साल आणि चिमूटभर आमचूर मिळून थोडंफार जमतं, रंग मात्र येत नाही. झातरमध्ये त्याच नावाची रानवनस्पती, सुमाक, तीळ आणि मीठ असतं. त्या रानवनस्पतीऐवजी वाळलेला ओरेगानो किंवा थाइम घ्या, ओवा मात्र नको, तो फार उग्र पडतो. आखाती देशांतून कोणी येणार असेल तर कपड्यांच्या बॅगेत या दोन पुड्या जरूर मागवा.

द्राक्षाच्या पानांत भात भरून करतात तो प्रकार नाशिककडच्या पानांचा होईल का?

वनस्पती तीच, म्हणून होतो. पण बागेतली पानं घेऊ नका. द्राक्षबागांवर बुरशीनाशकांच्या फवारण्या वारंवार होतात आणि त्या पानांवरच बसतात. अंगणात बिनफवारणीचा वेल असेल तर शेंड्याकडची कोवळी, तळहाताएवढी पानं तोडा आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून काढा. गडद झाली, मऊ पडली की भरायला तयार.

आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही.

हम्मस, लबने आणि मुहम्मरा लसणाशिवाय उत्तम होतात. हम्मसमध्ये थोडी जिरेपूड घाला. फलाफलमध्ये कांद्याच्या जागी कोथिंबीर-पार्स्ली दुप्पट करा.

पाहुण्यांना आधी काय विचारावं?

तीळ आणि अक्रोड चालतात का, हे. तिळाची ॲलर्जी काहींना गंभीर असते. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटांवर तिळाचा ठळक उल्लेख करणं बंधनकारक आहे. हम्मसमध्ये तीळ डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे यजमानाने सांगायलाच हवं.

पिटाऐवजी पोळी चालेल का?

चालते. पण तव्यावरचा पिटा अवघड नाही. ३०० ग्रॅम पीठ (निम्मं मैदा, निम्मी कणीक), एक चमचा यीस्ट, एक चमचा मीठ, सुमारे १९० मिलिलिटर कोमट पाणी. मळून तासभर फुगू द्या, अर्धा सेंटिमीटर जाड लाटा आणि लोखंडी तवा चांगला तापवून भाजा. आतल्या वाफेनेच पापुद्रे सुटतात, त्यासाठी तवा तापलेला असणं महत्त्वाचं. उतरवल्या उतरवल्या फडक्यात गुंडाळा.

आठ माणसांसाठी किती करू, आणि आदल्या दिवशी काय होईल?

पाच प्रकार पुरतात: हम्मस (२५० ग्रॅम चण्यांचा), एक लिटर दह्याचं लबने, दोन मोठ्या वांग्यांचं मुतब्बल, एक सॅलड आणि फलाफल. शिवाय माणशी दोन पिटा. यानंतर पूर्ण जेवण वाढणार असाल तर फलाफल गाळा. मुहम्मरा आणि लबने आदल्या दिवशी करा, मुहम्मरा तर मुरल्यावर जास्त चांगला लागतो. हम्मस सकाळी करा आणि वाढण्याच्या तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, फार थंडगार असला की चव दबते. वांगी सकाळी भाजून निथळत ठेवा, ताहिनी ऐन वेळी घाला. सॅलड आणि फलाफल शेवटच्या अर्ध्या तासात.

उरलं तर किती दिवस टिकेल?

हम्मस आणि मुतब्बल झाकून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, लबने आठवडाभर. सॅलड उरवू नका. टेबलावर दोन तासांहून जास्त राहिलेलं परत फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभराच्या आतच उचला. म्हणून सगळं एकदम न वाढता लहान बशा पुन्हा पुन्हा भरा. फलाफलचं कच्चं मिश्रण सोडा न घालता डीप फ्रीजमध्ये महिनाभर राहतं. फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या, पाणी सुटलं असेल तर पिळून टाका आणि सोडा तळतानाच घाला.